वहीतला एकच रकाना: नेस्टेड अ‍ॅरेतून हवी ती माहिती उचलताना

दूध संस्थेची संकलनाची वही ज्यानं पाहिली आहे, त्याला नेस्टेड अ‍ॅरे शिकवायला वेळ लागत नाही. आमच्या करवीर तालुक्यातल्या कुठल्याही गावात पहाटे सहाच्या सुमारास संस्थेत जाऊन बसा. एक माणूस दूध मापतो, दुसरा नमुना फॅट मशीनला लावतो, तिसरा लिहितो. एका ओळीत एक सभासद. त्या ओळीत खातं क्रमांक, मग सकाळ, मग संध्याकाळ. आणि सकाळच्या पोटात पुन्हा लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक). ओळींच्या आत घरं आणि घरांच्या आत आणखी घरं, यालाच प्रोग्रॅमिंगमध्ये नेस्टेड अ‍ॅरे म्हणतात.

आता सेक्रेटरी म्हणतात, "मला फक्त सकाळची फॅटं काढून दे." वहीत बोट ठेवून वरून खाली सरकत गेलं की झालं. प्रोग्रॅमला हेच कसं सांगायचं, ते या लेखात आहे. संध्याकाळी मी कोल्हापुरात मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यांत जास्त अडखळतात ते इथंच, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. पीएचपी, पायथॉन आणि जावास्क्रिप्ट या तिन्ही भाषांत दाखवतो. तुम्ही जी शिकत असाल ती वाचा, पण बाकीच्या दोन्हींवरही नजर टाका, कारण याच कामात त्या तिघींचा स्वभाव अगदी वेगवेगळा दिसतो.

एक सूचना आधीच देतो. इथं कोडसुद्धा देवनागरीत लिहिला आहे. अ‍ॅरे_कॉलम, फॉर, इन, मॅप, गेट असे भाषेचे स्वतःचे शब्द आणि कोडमधले आकडे तुम्ही टाईप करताना इंग्रजी अक्षरांतच टाईप करायचे. रकान्यांची आणि व्हेरिएबलची नावं मात्र मराठीत ठेवली तरी या तिन्ही भाषा ती चालवून घेतात. 'फॅट' नावाचा रकाना खरोखरच 'फॅट' या नावानं ठेवता येतो.

आधी डेटा नीट बघा

कोड लिहायच्या आधी डेटा छापून बघायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. हा आपला नमुना आहे, पीएचपीच्या रूपात. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

$संकलन = [
  ['खाते' => १०१, 'सकाळ' => ['लिटर' => ४.५, 'फॅट' => ६.८], 'संध्याकाळ' => ['लिटर' => ४, 'फॅट' => ७.१]],
  ['खाते' => १०४, 'सकाळ' => ['लिटर' => १०, 'फॅट' => ६.२], 'संध्याकाळ' => ['लिटर' => ८, 'फॅट' => ६.४]],
  ['खाते' => १०७, 'सकाळ' => ['लिटर' => २]],
  ['खाते' => ११२, 'सकाळ' => ['लिटर' => ३.५, 'फॅट' => ७.४], 'संध्याकाळ' => ['लिटर' => ३, 'फॅट' => ७.२]],
];

१०७ नंबरची ओळ पुन्हा वाचा. सकाळचं दूध घातलंय, लिटर लिहिलंय, पण फॅट नाही. संध्याकाळ तर पूर्णच नाही. शिकवणीच्या पुस्तकांतला डेटा कधी असा नसतो. खऱ्या वहीत मात्र रोज असाच असतो: नमुना लावायचा राहतो, लाईट जाते, एखादी म्हैस आटते. पुढच्या सगळ्या गोष्टी या एका ओळीभोवती फिरणार आहेत.

सोप्यातलं सोपं: वरच्या थरातला रकाना

फक्त खाते क्रमांक हवे आहेत. ते ओळीच्या थेट आत आहेत, मध्ये दुसरं घर नाही.

पीएचपीत:

$खाती = अ‍ॅरे_कॉलम($संकलन, 'खाते');

पायथॉनमध्ये:

खाती = [नोंद['खाते'] फॉर नोंद इन संकलन]

जावास्क्रिप्टमध्ये:

खाती = संकलन.मॅप(नोंद => नोंद.खाते);

तिन्हीकडे उत्तर एकच: १०१, १०४, १०७, ११२.

पीएचपीत अ‍ॅरे_कॉलम हे फंक्शन २०१३ साली ५.५ आवृत्तीत आलं. त्याआधी प्रत्येक जण फॉरईच, म्हणजे एकेक ओळ घेत फिरणारा लूप, लिहून रिकाम्या अ‍ॅरेत एकेक किंमत ढकलत बसायचा. अजूनही जुन्या कोडमध्ये तसं दिसेल, ते चूक नाही. उलट, नवशिक्यानं एकदा तरी तसा फॉरईच हातानं लिहावा असं माझं स्पष्ट मत आहे. तयार फंक्शन आतून काय करतं ते हाताला कळलं, की ते कधी फसवेल हेही कळतं.

पायथॉनची ओळ आपण मराठीत बोलतो तशी वाचा: संकलनातली एकेक नोंद घे आणि तिचं खातं उचल. चौकोनी कंसात जे पहिलं लिहिलंय ते आपल्याला हवं आहे, आणि 'फॉर'नंतरचा भाग ते कुठून आणायचं ते सांगतो. जावास्क्रिप्टचा मॅपही तेच करतो. जितक्या ओळी आत गेल्या तितक्याच किमती बाहेर येतात, कमी नाहीत, जास्त नाहीत. हे वाक्य लक्षात ठेवा, थोड्या वेळानं कामाला येईल.

एक थर आत

आता सकाळचं फॅट. ते ओळीच्या आत 'सकाळ' आणि 'सकाळ'च्या आत 'फॅट' असं दोन पायऱ्या खाली आहे. पीएचपीचं अ‍ॅरे_कॉलम एकच पायरी उतरतं. 'सकाळ.फॅट' असं टिंब देऊन लिहिलं तर ते त्याच नावाचा रकाना शोधेल आणि हात हलवत परत येईल. म्हणून दोनदा उतरायचं:

$फॅट = अ‍ॅरे_कॉलम(अ‍ॅरे_कॉलम($संकलन, 'सकाळ'), 'फॅट');

आतलं अ‍ॅरे_कॉलम सगळ्यांच्या 'सकाळ' बाहेर काढतं, बाहेरचं त्या प्रत्येकातून 'फॅट' काढतं. चालवून बघा. उत्तर येतं: ६.८, ६.२, ७.४.

सभासद चार आहेत. फॅट तीनच आली. कुठली एरर नाही, इशारा नाही, काही नाही.

अ‍ॅरे_कॉलमचा हा स्वभावच आहे. ज्या ओळीत तो रकाना नाही, ती ओळ ते गुपचूप सोडून देतं आणि मागच्या किमती वर सरकतात. यानं माझ्या हातून काय झालं, ते इथं सांगायलाच हवं.

काकींची फॅट

काही वर्षांपूर्वी एका गावच्या दूध संस्थेसाठी मी छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. खाती एका अ‍ॅरेत काढली, फॅट दुसऱ्या अ‍ॅरेत काढली, आणि एकाच क्रमांकानं दोन्हींतून किंमत उचलत पावत्या छापल्या. पहिले काही दिवस सगळं बरोबर चाललं, कारण त्या दिवसांत वहीतलं एकही घर रिकामं नव्हतं.

मग एका सकाळी नमुने लावता लावता लाईट गेली. एका काकींचं लिटर भरलं होतं, फॅट मागाहून भरायची होती. पावत्या छापल्या गेल्या. काकी पावती घेऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "बाळा, माझ्या म्हशीची फॅट कधी साडेसहाच्या वर गेली न्हाई. आज सात-चार कशी रं आली? दुसऱ्या कुणाचं तर माझ्या नावावर पडलं न्हवं?"

पडलं होतं. त्यांच्या खालच्या सगळ्यांची फॅट एकेक घर वर सरकली होती, आणि शेवटच्या सभासदाच्या पावतीवर फॅट कोरी होती. काकींनी जास्तीचे पैसे मुकाट घेतले असते, तर दहा दिवसांचं बिल निघेपर्यंत मला पत्ता लागला नसता. त्या दिवशी सेक्रेटरींबरोबर बसून सगळ्या पावत्या वहीशी ताडून बघितल्या आणि पुन्हा छापल्या. मला त्याची फार लाज वाटली होती. त्या आकड्यांवर कुणाच्या तरी घरचा किराणा चालतो.

तेव्हापासून मुलांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: रकाना उचलताना त्याच्याबरोबर खातंही उचला. नुसत्या फॅटींची यादी म्हणजे नाव न लिहिलेल्या नमुन्याच्या बाटल्या. एक बाटली हलली की सगळ्या चुकल्या.

खातं बरोबर घेऊन रकाना काढणं

पीएचपीच्या अ‍ॅरे_कॉलमला तिसरी जागा असते. तिथं रकान्याचं नाव दिलं, की त्या रकान्यातली किंमत किल्ली बनते. म्हणजे ०, १, २ ऐवजी १०१, १०४, १०७.

$सकाळ = अ‍ॅरे_कॉलम($संकलन, 'सकाळ', 'खाते');

आता प्रत्येक सकाळ आपापल्या खात्याला बांधलेली आहे. पुढची पायरी मात्र सांभाळून. इथं पुन्हा अ‍ॅरे_कॉलम लावलंत तर किल्ल्या गळून पडतील, कारण ते जुन्या किल्ल्या जपत नाही. त्याऐवजी अ‍ॅरे_मॅप वापरा. त्याला एकच अ‍ॅरे दिला तर ते किल्ल्या आहेत तशा ठेवतं:

$फॅट = अ‍ॅरे_मॅप(एफएन($स) => $स['फॅट'] ?? नल, $सकाळ);

एफएन म्हणजे तिथल्या तिथं लिहिलेलं छोटं फंक्शन. दोन प्रश्नचिन्हांचा अर्थ: फॅट असेल तर ती दे, नसेल तर नल दे. नल म्हणजे 'इथं काही नाही' असं स्पष्ट सांगणारी किंमत. उत्तर: १०१ ला ६.८, १०४ ला ६.२, १०७ ला नल, ११२ ला ७.४. चार सभासद, चार घरं, आणि रिकामं घर रिकामंच दिसतंय.

पायथॉनमध्ये हेच:

फॅट = {न['खाते']: न.गेट('सकाळ', {}).गेट('फॅट') फॉर न इन संकलन}

पायथॉन या बाबतीत कडक आहे. साध्या चौकोनी कंसानं न['सकाळ']['फॅट'] मागितलं आणि ते नसेल, तर कीएरर देऊन तो तिथंच थांबतो. नवशिक्यांना याचा राग येतो. मला हा स्वभाव आवडतो, कारण चूक पावतीपर्यंत पोचत नाही. 'गेट' वापरलं की तो थांबत नाही, 'नन' देतो, म्हणजे पायथॉनचा नल. 'सकाळ'च्या 'गेट'मध्ये मी रिकामा महिरपी कंस दिला आहे, तो का? सकाळच नसेल तर पुढच्या 'गेट'ला धरायला काहीतरी हवं, म्हणून.

जावास्क्रिप्ट मधल्या स्वभावाची. घर रिकामं असेल तर अनडिफाइन्ड देते, पण जागा धरून ठेवते, त्यामुळे किमती सरकत नाहीत. 'सकाळ'च गायब असेल तर मात्र टाइपएरर येतो. त्यावर २०२० पासून प्रश्नचिन्ह आणि टिंबाची सोय आहे:

फॅट = न्यू मॅप(संकलन.मॅप(न => [न.खाते, न.सकाळ?.फॅट]));

इथं साधा ऑब्जेक्ट न वापरता न्यू मॅप वापरला, त्याला कारण आहे. साध्या ऑब्जेक्टमध्ये आकडी किल्ल्या चढत्या क्रमानं लावल्या जातात. तुमची यादी रांगेतल्या क्रमानं असेल, म्हणजे आधी ११२ आणि मग १०१, तर तो क्रम मोडेल. न्यू मॅपनं बनलेली किल्ली-किंमत यादी तो क्रम जपते.

एका खात्यावर दोन जनावरं

खातं ही किल्ली ठरवली, पण ज्यांच्याकडे गाय आणि म्हैस दोन्ही आहेत त्यांचं काय? दोन्हींचं दूध वेगळं मापलं जातं, दर वेगळा असतो, पण खातं एकच. अशा वेळी १०४ च्या दोन ओळी येतात, आणि किल्ली एकच असल्यामुळे दुसरी ओळ पहिलीला पुसून टाकते. हे तिन्ही भाषांत होतं आणि तिन्हीकडे बिनआवाज होतं.

उपाय साधा आहे. किल्ली अशी निवडा जी पुन्हा येणार नाही: '१०४-म्हैस', '१०४-गाय'. आणि रकाना काढून झाला की मूळ ओळींची संख्या आणि निकालातल्या किमतींची संख्या शेजारी शेजारी छापा. काउंट, लेन किंवा लेंग्थ, भाषेप्रमाणे. या एका ओळीनं मला जितक्या चुका सापडून दिल्या, तितक्या दुसऱ्या कशानंही नाहीत.

सरासरीचा प्रश्न

रकाना हातात आला की पुढचा मोह सरासरीचा. ६.८, ६.२, ७.४ यांची बेरीज २०.४, भागिले तीन, सरासरी ६.८. गणित बरोबर, अर्थ चूक. १०४ नं दहा लिटर घातलं आणि ११२ नं साडेतीन. कॅनमध्ये एकत्र झालेल्या दुधाला दोघांचा सारखा हिशेब लागत नाही. लिटर आणि फॅट यांचा गुणाकार करून बेरीज घ्यायची आणि एकूण लिटरनं भागायचं:

४.५ × ६.८ = ३०.६
१० × ६.२ = ६२
३.५ × ७.४ = २५.९
बेरीज ११८.५, लिटर १८, भागाकार ६.५८.

इथंही १०७ आड येते. तिचं दोन लिटर भागाकारात धरलंत, पण फॅट नाही म्हणून गुणाकारात काहीच आलं नाही, तर ११८.५ भागिले २०, म्हणजे ५.९३. म्हशीच्या दुधाला ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ हा दराचा पाया मानतात. एका रिकाम्या घरानं अख्ख्या संस्थेचं दूध त्या पायाखाली दाखवलं. म्हणून दोन रकाने एकत्र वापरायचे असतील तेव्हा आधी अपुऱ्या ओळी गाळा, आणि मग त्याच गाळलेल्या ओळींतून दोन्ही रकाने काढा. दोन रकाने वेगवेगळे काढून मग गाळायला गेलात, तर ते एकमेकांशी जुळणार नाहीत.

रिकाम्या घराला शून्य भरून पुढं जाण्याचा सल्लाही कुणीतरी देईल. तो ऐकू नका. शून्य फॅट आणि न मोजलेली फॅट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नाव नाही, फक्त जागा

कधी कधी रकान्यांना नावंच नसतात, नुसत्या जागा असतात. पावसाळ्यात सगळं कोल्हापूर ज्या आकड्याकडे डोळे लावून बसतं, तो कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा आकडा घ्या. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. समजा तासातासाची नोंद अशी आहे:

पातळी = [['०६:००', '३९.४'], ['०७:००', '३९.८'], ['०८:००', '३९.१०']]

दुसरा रकाना हवा, तर क्रमांक १ मागायचा, कारण मोजणी शून्यापासून होते. पीएचपीत अ‍ॅरे_कॉलम($पातळी, १), पायथॉनमध्ये [ओळ[१] फॉर ओळ इन पातळी]. एवढं जमलं, की यात सगळ्यांत मोठा आकडा कोणता ते प्रोग्रॅमला विचारा.

किमती आकड्यांत बदलल्या तर तो म्हणेल, ३९.८. आणि शेवटची ३९.१० ही सगळ्यांत कमी धरेल, कारण दशांशात ती ३९.१ आहे. पण वहीत लिहिणाऱ्याला ३९ फूट १० इंच म्हणायचं होतं! पाणी चढतंय आणि प्रोग्रॅम सांगतोय की उतरलं. फूट-इंचातली पातळी टिंब देऊन लिहायची सवय आपल्याकडे सर्रास आहे, त्यामुळे हा घोळ कल्पनेतला समजू नका.

यासाठी रकाना काढतानाच टिंबावर तोडा आणि सगळ्याचे इंच करा. ३९ फूट ४ इंच म्हणजे ४७२ इंच, ३९ फूट १० इंच म्हणजे ४७८, धोका पातळी ५१६. मग तुलना बरोबर होते. तोडण्यासाठी किंमत मजकूर म्हणूनच आलेली असली पाहिजे. ती आधीच दशांश आकडा झाली असेल तर १० इंचाचा शून्य हरवतो आणि १ इंच की १० इंच हे ओळखायला काही मार्ग उरत नाही. वही एक्सेलमध्ये भरली जात असेल, तर तो रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवायला सांगा.

यादीच्या आत यादी

आतापर्यंत प्रत्येक सभासदाला एकच सकाळ होती. बिल दहा दिवसांचं असतं, म्हणजे एका सभासदाच्या आत दहा नोंदींची यादी. समजा तिचं नाव 'नोंदी' आहे, आणि सगळ्यांच्या सगळ्या नोंदींतली फॅट एका सरळ यादीत हवी आहे.

पायथॉन:

सगळी = [न['फॅट'] फॉर स इन सभासद फॉर न इन स['नोंदी']]

दोन 'फॉर' आले की गोंधळ होतो. क्रम असा लक्षात ठेवा: आधी बाहेरचा, मग आतला, जसं तुम्ही वही उघडून आधी सभासदाचं पान काढता आणि मग त्या पानावरच्या तारखा बघता. उलटं लिहिलंत तर 'स' कोण हे पायथॉनला माहीत नसतं आणि तो नेमएरर देतो.

जावास्क्रिप्टमध्ये २०१९ पासून फ्लॅटमॅप आहे:

सगळी = सभासद.फ्लॅटमॅप(स => स.नोंदी.मॅप(न => न.फॅट));

पीएचपीत आधी सगळ्या याद्या एकीला एक जोडायच्या, मग रकाना:

$सगळी = अ‍ॅरे_कॉलम(अ‍ॅरे_मर्ज(...अ‍ॅरे_कॉलम($सभासद, 'नोंदी')), 'फॅट');

तीन टिंबं यादी उघडून तिच्यातली एकेक गोष्ट वेगळी हातात देतात.

पीएचपीत अ‍ॅरे_वॉक_रिकर्सिव्ह नावाचं फंक्शनही सापडेल, कितीही खोल असलेल्या किमतींपर्यंत पोचणारं. 'फॅट' नावाची किल्ली दिसेल तिथून ते उचलता येतं. पण मग सकाळ, संध्याकाळ, गाय, म्हैस सगळं एकाच ढिगात येतं आणि कुठलं कुठून आलं ते परत सांगता येत नाही. डेटा पैशाचा असेल तर मी ते वापरत नाही.

मराठी डेटाचे खास त्रास

रकान्यांची नावं मराठीत ठेवायला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मुलांना त्यातून अर्थ पटकन कळतो. पण तीन गोष्टींची काळजी घ्या.

पहिली, ऱ्हस्व-दीर्घ. एका फाइलमध्ये 'दूध' आणि दुसरीत 'दुध' असेल, तर कॉम्प्युटरला ते दोन वेगळे रकाने आहेत. शेवटी पडलेली मोकळी जागाही तशीच: 'फॅट' आणि मागं एक स्पेस असलेला 'फॅट' दिसायला सारखे, पण जुळणार नाहीत, आणि पीएचपी तुम्हाला शांतपणे रिकामी यादी देईल. फाइल वाचली की आधी किल्ल्या छापा आणि ट्रिम करा, म्हणजे कडेच्या मोकळ्या जागा काढून टाका.

दुसरी गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. 'शेतकऱ्याचे नाव' या रकान्यातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकतर तो एकच अक्षर असतो, किंवा साधा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असा जोडून केलेला असतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण आतले बाइट वेगळे. एका कीबोर्डवरून टाईप केलेली किल्ली दुसऱ्यानं टाईप केलेल्या किल्लीशी जुळली नाही, तर हे तपासा. तिन्ही भाषांत मजकूर एकसारख्या रूपात आणायची सोय आहे, नॉर्मलाइज या नावानं शोधा.

तिसरी, आकडे. वहीवरून कुणी '४.२' असं देवनागरी आकड्यांत भरलं तर? पायथॉनचा फ्लोट ते ओळखतो आणि बरोबर किंमत देतो. जावास्क्रिप्टचा नंबर त्याला एनएएन म्हणतो, म्हणजे हा आकडाच नाही. पीएचपीत फ्लोट केलं तर सरळ शून्य मिळतं. तिघींत पीएचपीचं वागणं सगळ्यांत धोक्याचं, कारण शून्य हा खरा आकडा वाटतो. रकाना काढल्यावर आकडे बेरजेला घेण्याआधी एकदा बदलून घ्या.

डेटाबेस किंवा पांडाज असेल तर

माहिती डेटाबेसमध्ये असेल तर सगळी वही उचलून आणून मग एक रकाना काढू नका. डेटाबेसकडे माहिती मागायच्या सिलेक्टच्या ओळीत खातं आणि फॅट एवढंच मागा. पीएचपीच्या पीडीओत, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या सोयीत, फेच_कॉलम आहे, ते थेट एकेरी यादी देतं. पायथॉनचं पांडाज (तक्त्यांच्या हिशेबासाठीची लायब्ररी) वापरत असाल तर जेसन_नॉर्मलाइज नेस्टेड डेटा सपाट करून 'सकाळ.फॅट' अशा नावाचे रकाने बनवतं, आणि न मोजलेली घरं एनएएन म्हणून दाखवतं. पण त्याचा मीन, म्हणजे सरासरी काढणारं फंक्शन, ही घरं मोजणीतून आपोआप वगळतो, हे माहीत असू द्या. सरासरी किती घरांची निघाली, हे काउंटला विचारायचं.

आता स्वतः करा

वरच्या नमुन्यातून संध्याकाळची फॅट काढा, खात्याला बांधून. आधी साध्या पद्धतीनं चालवा आणि १०७ वर तुमची भाषा काय करते ते बघा: पीएचपी तीनच किमती देईल, पायथॉन कीएरर देईल, जावास्क्रिप्ट टाइपएरर. मग वर दाखवल्याप्रमाणे रिकामं घर सांभाळून पुन्हा काढा. पीएचपीत इथं अ‍ॅरे_कॉलमची तिसरी जागाही पुरणार नाही, कारण १०७ ला 'संध्याकाळ'च नाही आणि ते अख्खी ओळ वगळेल. त्यासाठी अ‍ॅरे_मॅप मूळ ओळींवर चालवा आणि खाती अ‍ॅरे_कम्बाइननं नंतर जोडा. दोन्ही याद्यांची लांबी वेगळी निघाली तर पीएचपी ८ एरर देऊन थांबतं, म्हणजे चूक तिथंच पकडली जाईल. चारही खाती दिसली पाहिजेत, १०७ समोर नल.

त्यानंतर लिटरचा हिशेब धरून संध्याकाळची सरासरी फॅट काढा. ६.७५ च्या आसपास यायला हवी. ६.९ आली, तर लिटरचा रकाना घ्यायचा राहिला आहे.